पाण्याकडून एकदा बघा: विजयदुर्ग सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
विजयदुर्गाचा तट, त्यामागचं बंदर, खाडी, रस्ता आणि पर्यटन ज्यांच्या ज्यांच्या अखत्यारीत येतं, ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

पाकिटावर एकच नाव घालता आलं असतं तर हे पत्र खुलं करायची वेळ आली नसती. गेल्या चार वर्षांत मी सहा अर्ज केले. तटाबद्दल लिहिलं, तर तटाखालचं खडप, म्हणजे पाण्यातला खडक, आमच्याकडे नाही. खडपाबद्दल लिहिलं, तर पाण्यातलं आमच्याकडे येत नाही. गोदीबद्दल लिहिलं तेव्हा सातबाऱ्याचा उतारा मागितला गेला. मी म्हटलं, बाबांनो, गोदी माझी नव्हे, आंग्र्यांची. सहाव्या अर्जाचं उत्तर एका ओळीचं होतं: ‘आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे.’ ते संबंधित कोण, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. म्हणून आता सगळ्यांनाच लिहितो. ज्याचं असेल त्याने उचलावं.

मी निवृत्त शिक्षक. छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली शेवटची एकवीस याच पट्ट्यात. वडील लालबागला गिरणीत होते आणि आजोबा गलबतावर तांडेल. त्यामुळे लहानपणी सुट्टी संपली की आम्हाला विजयदुर्गाहून आगबोटीने मुंबईला जावं लागे. मी सात-आठ वर्षांचा असेन. पडावातून बोटीवर चढताना आईने माझ्या चड्डीचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता. बोट हलली, किल्ल्याला वळसा घालून बाहेर पडली, आणि मी मागे वळून पाहिलं तर खाडी गायब. ज्या खाडीतून आम्ही आत्ता निघालो, तिचं तोंडच दिसेना. समोर नुसता तट, त्याच्या आत दुसरा तट, त्याच्या वर तिसरा, आणि बुरुज एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणारे. मी आईला विचारलं, आता बोट परत आत कशी जाणार? आई उलटीने हैराण होती, ती काही बोलली नाही.

आजोबांना पुढच्या मे महिन्यात विचारलं. ते म्हणाले, “किल्लो दर्यातसून बघूक व्हयो. जमिनीवरसून दिसता तो नुसतो वाडो.”

माझं सगळं गाऱ्हाणं या एका वाक्यात आहे. आपण जो किल्ला सांभाळता, त्याची तिकडची बाजू आपल्या कागदावर नाही.

आज येणारा माणूस तळेऱ्याला महामार्ग सोडतो, पडेल कॅन्टीनला चहा पितो, गाडी लावतो, दरवाजातून आत येतो, बुरुजावर चढून फोटो काढतो, खाली उतरून कोकम सरबत घेतो आणि जातो. पाऊण तास, फार तर एक. त्यात त्या माणसाची काही चूक नाही. त्याला दरवाजातून आत घेतलं जातं आणि दरवाजातूनच बाहेर काढलं जातं. हा किल्ला कशावर पहारा ठेवत होता, हे त्याला कोणी दाखवतच नाही. घराची राखण करणारा माणूस पाठमोरा बघून परत जावं, तसं ते होतं.

विजयदुर्ग ही सरहद्द होती, आणि ती पाण्याकडची. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे पाया घातला तो उगीच नव्हे. वाघोटण खाडीतून आत गेलं की खारेपाटण लागतं, आणि तिथून माल घाटावर चढायचा. खाडीचं तोंड ज्याच्या हाती, त्याच्या हाती घाटवाट. शिवाय खाडी आत वळते, त्यामुळे नैर्ऋत्येचा वारा कितीही उठला तरी आतलं पाणी निवांत. पश्चिम किनाऱ्यावर असं बंदर बोटांवर मोजण्याइतकं. शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला तो विजय संवत्सरात, १६५३ साली, असं परंपरा सांगते, आणि घेरियाचा विजयदुर्ग झाला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तो आरमाराचं ठाणं केला. इंग्रज १७१७ मध्ये आले आणि परत गेले, १७२० मध्ये पुन्हा आले आणि परत गेले, १७२४ मध्ये डच आले, तेही परत गेले. आजही खाडीच्या पलीकडे दुसरा जिल्हा लागतो. सरहद्द गेली असं म्हणायचं काही कारण नाही, फक्त ती आता महसूल खात्याच्या नकाशात आहे.

मग १७५६ मध्ये तो पडला कसा? हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण माझी मागणी त्यातूनच निघते. फेब्रुवारीत इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार समुद्राकडून आणि पेशव्यांची फौज जमिनीकडून आली. तोफांचा मारा सुरू झाला. तटाने तो मारा सोसला, त्याच्या खुणा आजही दगडावर दिसतात. पण एक पेटता गोळा बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर पडला. ते जहाज रेस्टोरेशन, आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडून आणलेलं. ते पेटलं, त्याच्यावरून शेजारची गुराबं, म्हणजे तोफांची जहाजं, पेटली, आणि काही तासांत तुळाजी आंग्र्यांचं आरमार खाडीत जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला शत्रूच्या हाती होता. म्हणजे तट शाबूत असताना किल्ला गेला, कारण बंदर गेलं. (पेशव्यांनी स्वतःच्या आरमाराच्या सरदाराविरुद्ध इंग्रजांना बोलावलं, ही गोष्ट किल्ल्यात सहसा सांगितली जात नाही. सांगायला अवघड आहे, मान्य. पण अवघड गोष्टी गाळायच्या तर इतिहासाच्या वहीत नुसती जयंतीची पानं उरतील.)

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्यांतले चार समुद्राचे: खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि आमचा विजयदुर्ग. गावात पेढे वाटले, मीही खाल्ले. बॅनर लागले. ज्यांनी किल्ला आतून कधी पाहिला नव्हता त्यांचेही चेहरे बॅनरवर होते, असो. पण मी त्या नावावर अडलो. ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’. नुसते किल्ले नव्हेत, लँडस्केप. म्हणजे डोंगर, दरी, खाडी, खडप, वारा, ज्या जागेचा फायदा घेऊन ही माणसं लढली ती सगळी जागा. जगाने आपल्याला तटासाठी शाबासकी दिली नाही, जागा ओळखल्याबद्दल दिली. आणि आपण पेढे वाटून पुन्हा तटाच्या आतच येऊन बसलो.

आता एकेक सांगतो.

पहिलं, किल्ला पाण्यातून दाखवायची धड सोय नाही. राजपुरीला जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्यांवर बघा. होडीवाला बोलत असतो. त्यातलं निम्मं मीठमसाला लावलेलं असेल, पण माणूस होडीत बसल्याबसल्या त्या किल्ल्याच्या धाकात येतो. मालवणला सिंधुदुर्गाला जायचं तर होडीशिवाय गत्यंतरच नाही. विजयदुर्गाचं दुर्दैव हे की तो जमिनीला चिकटलेला आहे. एके काळी मध्ये खंदक होता, तोही बुजला. आता गाडी थेट दारात येते, म्हणून पाण्यात उतरायची गरजच कुणाला वाटत नाही. मधूनमधून कोणीतरी ओळखीवर फेरी मारून आणतो. त्या होडीत कधी लाइफ जॅकेट असतं, कधी नसतं. मासेमारीच्या होडीत प्रवासी बसवणं नियमात बसत नाही, आणि बसूही नये, हे मी शिक्षक म्हणून सांगतो. पण मग नियमात बसेल अशी होडी कुणी द्यायची? आमच्या वाडीतली पोरं डिझेलच्या भावाने आणि रिकाम्या जाळ्यांनी टेकीला आली आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला या खाडीतलं खडप न् खडप पाठ आहे. त्यांना परवाना नाही, आणि ज्यांना परवाना मिळू शकतो त्यांना खडपं माहीत नाहीत.

दुसरं, पाण्यातली भिंत. पश्चिमेला तटापासून थोड्या अंतरावर समुद्राच्या तळाशी दगडांची भिंत आहे. इथल्या मासेमारी करणाऱ्या गाबीत लोकांना ती पूर्वीपासून ठाऊक. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी बुड्या मारून तिची पाहणी केली. लांबी सुमारे १२२ मीटर. ओहोटीलाही वरून दिसत नाही. खोल बुडाचं परदेशी जहाज तटाच्या जवळ सरकलं की त्याचं पोट त्या भिंतीवर आपटावं, आणि आपल्या गुराबा-गलबतांचं बूड उथळ, ती वरून निघून जावीत, असा तो डाव.

नोकरीत असताना मी एकदा सातवीच्या वर्गाला होडीतून तिथे नेलं होतं. (परवानगी मुख्याध्यापकांची होती, जॅकेटं कस्टमवाल्या एका भल्या माणसाने उसनी दिली होती. एवढं लिहून ठेवतो, नाहीतर आता या वयात चौकशी लागायची.) मुलांच्या हातात दोर दिला, टोकाला दगड, दर वावेला, म्हणजे सुमारे सहा फुटांवर, लाल चिंधी. एक पोरगा दोर सोडायचा, दुसरा चिंध्या मोजायचा, तिसरा वहीत लिहायचा. चार वाव. चार. साडेतीन. चार. आणि एकदम एक. पुन्हा टाक म्हटलं. पुन्हा एक. होडीतली सगळी पोरं गप्प झाली. पाण्यात काही दिसत नव्हतं, पाणी वरून सगळीकडे सारखंच हिरवं. पण त्या दोराने त्यांना भिंत दाखवली. पुढच्या वर्षी त्यातल्या एकाने मला सांगितलं की त्याला विजयदुर्ग आठवतो तो हातात ढिला पडलेला दोर म्हणून. माझ्या छत्तीस वर्षांतला हा सर्वांत चांगला तास. आज किल्ल्यावर येणाऱ्याला ही भिंत दाखवायची कोणतीही सोय नाही. तटावरून कुठे बघायचं हे सांगणारा एक बाणसुद्धा नाही. पाण्यात साधं तरंगतं बोयरं बांधून जागेची खूण करता येईल. त्याला काही कोटी लागत नाहीत.

तिसरं, गोदी. हे लिहिताना मला राग आवरावा लागतो. खाडीने साधारण तीन किलोमीटर आत गेलं की गिर्ये गावाच्या बाजूला खडकात कोरून, बांधून काढलेली आरमाराची गोदी आहे. लांबी साडेतीनशे फुटांच्या आसपास. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की बुडाचं काम करायचं. कालवं खरवडायची, फळ्यांच्या सांध्यांत कापूस कोंबायचा, तेल पाजायचं, पुढच्या भरतीला बाहेर. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, तोफा वाहणारं जहाज. वारा पडला की ते हलत नाही. मग चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं त्याला ओढून शत्रूच्या पाठीशी नेऊन उभं करायची, म्हणजे शत्रूला तोफ फिरवायला जागा नाही. हे सगळं लाकूडकाम, दोरकाम, सुतार, लोहार, खलाशी या गोदीच्या भोवती. १७८३ मध्ये पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांच्या आरमाराने इंग्रजांचं रेंजर जहाज लढून पकडलं आणि इथेच आणलं, ते या गोदीच्या जिवावर.

तिथे आज काय आहे? गाळ, खारफुटी, आणि भिंतीच्या कडेने उगवलेलं रान. खारफुटीवर माझा राग नाही, ती असू दे. गोदीचं भान ठेवणारं कुणी नाही, यावर आहे. रस्त्यावर पाटी नाही. शेवटच्या अर्ध्या मैलाला पायवाट विचारत जावी लागते. यंदा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाला मी तिथे घेऊन गेलो. नवरा-बायको दोघं इंजिनियर. ते एक तास त्या भिंतीजवळून हलले नाहीत, मुलगी मात्र डासांनी रडकुंडीला आली. परत येताना तो गृहस्थ म्हणाला, “सर, हे किल्ल्यापेक्षा मोठं आहे, आणि हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.” मी काय बोलणार. तुम्हालाही कुणी सांगितलं नसेल असं समजून हे लिहितो आहे.

चौथं, आणि यात मी स्वतः गुन्हेगार आहे. हेलियम.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले जातात आणि सांगितलं जातं की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने इथून हेलियमचा शोध लावला. मी वीस वर्षं वर्गात हेच सांगितलं. छाती फुगवून सांगितलं. मग निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा वाचलं. खग्रासाचा पट्टा कोकणावरून गेला, हे खरं. तिथून तो विजापूरच्या बाजूने गुंटूर-मछलीपट्टणकडे गेला, आणि फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता. लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हताच. त्याने सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ पाहिली ती ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाशिवाय. तो इकडे आला १८७१ च्या ग्रहणाला, आणि उभा राहिला तोही समुद्रकाठच्या किल्ल्यावरच, पण बेकलच्या, केरळात. ते मूलद्रव्य पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडावं लागलं. शिवाय एक साधी गोष्ट मला वीस वर्षांत सुचली नाही याची लाज वाटते. ऑगस्टात विजयदुर्गावर सूर्य दिसणं हाच मुळात मोठा शोध!

हे सांगितलं की गावात लोक चिडतात. मास्तर गावाची किंमत कमी करतात म्हणतात. अहो, गावाची किंमत त्या पिवळ्या रेघेवर टांगलेली आहे का? ज्या गावात १२२ मीटरची भिंत पाण्याखाली उभी केली गेली, त्या गावाला दुसऱ्याचा शोध उसना घ्यावा लागतो? १८ ऑगस्टचा कार्यक्रम जरूर करा, मुलांना वर्णपटदर्शक दाखवा, ग्रहण या तटावरून गेलं हे सांगा. कट्टे कशाचे याचा शोध घ्या. पण जगाच्या यादीत नाव गेलेल्या किल्ल्यावर चुकीचा दाखला लावून ठेवू नका. उद्या बाहेरचा कुणी अभ्यासक येऊन हसला, तर तो आमच्यावर हसेल, तुम्ही तोवर बदलून गेलेले असाल.

पाचवं, थोडक्यात. २०२० च्या पावसाळ्यात तटाचा एक भाग ढासळला, ते सगळ्यांनी वर्तमानपत्रात पाहिलं. तट पडतो तो एका रात्रीत, पण त्याची तयारी दहा-वीस वर्षं चालते. पक्षी बी टाकतो, फटीत पिंपळ-उंबर धरतो, मूळ दगडामागे जातं, पाणी त्या वाटेने आत मुरतं, आतला भराव फुगतो. वरून फांद्या छाटून उपयोग नाही, मूळ मारावं लागतं, आणि ते पावसाआधी. जांभ्याला सिमेंट लावू नका. सिमेंट पाणी आत कोंडतं, खार दगडात उतरतो आणि दगडाचा भुगा होतो. जुन्या लोकांनी चुना वापरला. किल्ल्यात चुन्याचा घाणा दाखवता ना, तो शोभेला नव्हता.

सहावं माझ्या घराचं आहे, म्हणून शेवटी ठेवलं. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच बांधकाम, असा कायदा आहे. कायदा चांगला आहे. तो नसता तर तटाला टेकून आज तीन मजली लॉज उभं असतं. पण त्याच पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसं आहेत. वादळात वासा मोडला तर तो बदलण्यासाठी कुठला कागद, कुणाच्या सहीचा, किती दिवसांत, हे एका पानावर मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावायला काय हरकत आहे? माझ्या पडवीवर दोन पावसाळे निळा ताडपत्रीचा कागद होता. किल्ल्याच्या फोटोत तो येतो म्हणून एका पाहुण्याने मला तो काढायला सांगितलं होतं. मी त्याला चहा दिला.

आता मागण्या. यांत एकही अशी नाही जिला नवा कायदा लागेल.

१. तट, बंदर, पाण्यातली भिंत, गोदी आणि गाव या सगळ्यांसाठी मिळून एकच जबाबदार अधिकारी नेमा आणि त्याचं नाव, फोन किल्ल्याच्या दारात लावा.

२. स्थानिक होडीवाल्यांना प्रवासी फेरीचं प्रशिक्षण, परवाना, विमा आणि जॅकेटं द्या. किल्ल्याला समुद्राकडून वळसा घालून खाडीत गोदीपर्यंत जाऊन येणारी फेरी सुरू करा. दर ठरवून द्या, म्हणजे घासाघीस नको. ठेका बाहेरच्या एकाच माणसाला देऊ नका.

३. गोदीची मोजणी करा, ती संरक्षित म्हणून नोंदवा, पायवाट करा, पाटी लावा. गाळ काढायचा की नाही हे जाणकारांनी ठरवावं. घाईने जेसीबी लावू नये, ही हात जोडून विनंती.

४. पाण्यातल्या भिंतीच्या जागेवर खूण, आणि तटावर ती कुठे आहे हे दाखवणारा फलक.

५. किल्ल्यातली सगळी माहिती जाणकारांकडून तपासून घ्या. हेलियमची आणि १७५६ ची विशेषतः. मराठीत शुद्ध लिहा. मी फुकट तपासून देतो, लाल पेन अजून आहे.

६. दरवर्षी मेच्या आत तटावरची मुळं मारण्याचं काम, आणि डागडुजी चुन्यातच.

७. परवानगीचं ते एक पान.

पैसे नाहीत असं कोणी म्हणू नये. बॅनरला पैसे होते. आणि यातल्या अर्ध्या गोष्टींना पैसे नव्हे, एक फेरी लागते.

त्या फेरीचं आमंत्रण देऊन थांबतो. आपल्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. शक्यतो सगळ्यांनी एकाच दिवशी यावं, म्हणजे होडीत बसल्यावर कुणाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. जॅकेटं पुरेशी असलेली होडी मी बघून ठेवतो. ओहोटीला निघू, पाण्यातल्या भिंतीवर दोर टाकून बघू, किल्ल्याला वळसा घालू आणि भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत गोदीकडे जाऊ. दोर माझ्याकडे तोच आहे, चिंध्या नव्या बांधल्या आहेत. होडीचं भाडं मी देईन, उलटीची गोळी ज्याची त्याने आणावी. फक्त ३१ मेच्या आत या. नंतर मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, आणि मग नारळी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे कुणी पाण्यात उतरत नाही.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
विजयदुर्ग, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग